मोजणीच्या कागदावरील मुंबई

मुंबईच्या अभ्युदयाची कथा सांगणाऱ्या ग्रंथांत गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथाला अग्रपूजेचा मान आहे. परंतु वर्णनकार जे त्याच्या मनात भरले तेच लिहितो आणि महसुलाच्या मोजणीस निघालेला अंमलदार मात्र आवडो वा नावडो, प्रत्येक हद्द कागदावर उतरविण्यास बांधलेला असतो. म्हणून नगराच्या वृद्धीचा साक्षीदार या नात्याने जुन्या नकाशावर माझा विश्वास अधिक आहे.

डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथातील मुंबईचा आलेख ज्या काळाचा आहे, त्या काळी बेटाबेटांमधून भरतीचे पाणी खेळत होते. वरळीनजीकच्या खिंडारातून शिरणारा समुद्र भायखळ्यापर्यंतची सखल भूमी बुडवीत असे. ते खिंडार मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या बांधाने बुजले. पुढे कॅप्टन टॉमस डिकिन्सन याने १८१२ ते १८१६ या वर्षांत मोजणी केली, तेव्हा कोट आणि खंदक शाबूत होते. कोटाबाहेर, तोफांच्या माऱ्यास अडथळा नको म्हणून, एस्प्लनेडचे विस्तीर्ण मैदान सक्तीने मोकळे राखलेले होते. आणि त्या मैदानापलीकडे, १८०३ च्या भीषण आगीनंतर कोटातून बाहेर पडलेल्या लोकांची वस्ती दाटत चालली होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही नगररचनाकाराच्या औदार्याची फळे आहेत, असा समज बाळगणाऱ्याने हा नकाशा अवश्य पाहावा. तोफखान्याच्या भयाने जी जमीन मोकळी राहिली, तिच्याच अवशेषांवर आजची मुले क्रिकेट खेळतात.

परंतु या परंपरेचे शिखर म्हणजे कर्नल लॉटन याच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात झालेली मोजणी. दाट वस्तीच्या भागासाठी एका इंचास चाळीस फूट हे प्रमाण घेतल्यामुळे वीस फूट रुंदीचे घर कागदावर अर्धा इंच भरते आणि एक मैल रस्ता दाखविण्यास अकरा फूट कागद लागतो. अर्थात् संपूर्ण नगर एका तक्त्यावर मावणे अशक्यच होते. मोजणीचा आरंभही विलक्षण वेळी झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेला पैसा बॅकबेचा समुद्र हटविण्याच्या कंपन्यांत ओतला गेला होता आणि १८६५ साली युद्ध संपताच त्या कंपन्यांचे भाग कवडीमोल झाले. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या पश्चिमेकडील रेषेवर हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता, आकार घेत होता. कोसळलेली सट्टेबाजी, पाडलेला कोट आणि बॅकबेच्या काठाने चर्चगेटकडे येणारा लोहमार्ग, अशा संक्रमणावस्थेतील नगर मोजणीदारांच्या साखळीखाली सापडले. दहा वर्षे आधी किंवा वीस वर्षे नंतर ही मोजणी झाली असती, तर मुंबईच्या इतिहासातील हे पान आपल्याला इतक्या बारकाईने वाचता आले नसते.

मोजणीदारांच्या मनात इतिहास नव्हता. फजिंदारी, टोका, इनाम अशा नाना प्रकारच्या जमीनधाऱ्यांनी गुंतलेल्या बेटावर कोणाची हद्द कोठे संपते आणि सरकारचे येणे कोणाकडे निघते, हे निश्चित करणे एवढेच त्यांचे काम. आणि वादात टिकेल असाच पुरावा हवा असल्यामुळे त्यांनी सुशोभनाला थारा दिला नाही. त्या काटेकोरपणामुळेच हे तक्ते अद्यापि कामकाजात जिवंत आहेत. मुंबई शहरातील जुन्या मिळकतीच्या दस्तऐवजाच्या परिशिष्टात कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर आणि पुढील मोजणीचा सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर असे सारे आकडे एकापुढे एक लिहिलेले आढळतात. आणि गिरगावातील एखाद्या चाळीचा पुनर्विकास करावयाचा झाल्यास मालकीचा शोध घेणाऱ्या वकिलास आजही या आकड्यांच्या आधारे मागे मागे जावे लागते.