कुटुंबासाठीं मोटार निवडतांना

मोटार घ्यावयाची असें एकदां घरांत ठरलें, कीं पहिले आठ दिवस रंगाच्या वादांत जातात. मग पेट्रोल बरें कीं वीज, लिटरला किती किलोमीटर पडतील, हप्ता किती बसेल, पाडव्याच्या आंत गाडी दारांत येईल कीं नाहीं, ह्या गोष्टींचा खल होतो. दुकानांत गेल्यावर घरांतील वडील मंडळी दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानें टकटक करून पाहतात. दार लागतांना होणारा आवाज ऐकतात. तो घुमणारा व भारदस्त वाटला म्हणजे समाधानानें मान हलवितात. सुरक्षिततेची परीक्षा बहुतेक कुटुंबांत येथेंच आटोपते. मडकें वाजवून घ्यावें ही रीत जुनी आणि शहाणपणाची खरी. परंतु मोटार म्हणजे मडकें नव्हे.

पत्रा जितका जाड तितका आंतला माणूस सुरक्षित, ही समजूत कोठून आली तें समजण्यासारखें आहे. पूर्वीच्या मोटारी जड असत. धक्का बसला तर मडगार्डला पोंचा येई आणि गाडी तशीच पुढें चालूं लागे. आजच्या गाडीचें नाक जरा जोराच्या धडकेंत कागदाच्या खोक्यासारखें चुरगळतें, हें पाहून जुना मोटारवाला हळहळतो. पण ह्या वादाचा निकाल प्रत्यक्ष प्रयोगानें लागून चुकला आहे. अमेरिकेंत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग-सुरक्षेची एक संस्था आहे. तिनें २००९ सालीं १९५९ ची शेव्हरोले बेल एअर ही ऐसपैस, भरभक्कम मोटार आणि २००९ चीच शेव्हरोले मॅलिबू, ह्या दोघी समोरासमोर ताशीं सुमारें ६४ किलोमीटर वेगानें एकमेकींवर आदळविल्या. जुन्या गाडीचा बसण्याचा कक्षच कोलमडला. चालकाच्या जागीं बसविलेल्या पुतळ्यावर सारा पुढचा भाग चालून आला. तेथें जिवंत माणूस असता तर वांचता ना. नव्या गाडीचें नाक पार चेपलें, परंतु कक्ष शाबूत राहिला. पुतळ्याच्या अंगावरील मापकांवरून असें दिसलें, कीं त्या जागचा माणूस पायाच्या दुखापतीवर सुटला असता.

ह्याचें कारण शाळेंतल्या पदार्थविज्ञानापलीकडचें नाहीं. ताशीं ५० किलोमीटर हा शहरांत कोणाला वेगच वाटत नाहीं. परंतु तितक्या वेगानें भिंतीवर आदळणें आणि सुमारें १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, फरसबंदीवर पडणें, हीं दोन्ही सारखींच. वेग ६४ किलोमीटर झाला कीं तीच उंची १६ मीटर होते. ही सारी शक्ति कोठें तरी जिरली पाहिजे. गाडीचें नाक चेपण्यांत ती जिरली तर ठीक; नाक ताठ राहिलें तर ती आंतल्या माणसांच्या बरगड्यांत जिरते. म्हणून पुढचा व मागचा भाग चेपणारा आणि मधला कक्ष मात्र न वांकणारा, अशी रचना हवी, हें बेला बारेन्यी नांवाच्या अभियंत्यानें ओळखलें, आणि १९५९ सालीं मर्सिडीझ-बेंझच्या मोटारींत ती प्रथम अवतरली. त्याच सालीं व्होल्वो कंपनींतील निल्स बोलिन यांनीं सिद्ध केलेला, खांद्यावरून व कंबरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा गाड्यांत बसूं लागला. कंपनीनें त्याचें पेटंट इतरांस खुलें केलें. मोटारींत पुढें जे शोध लागले ते ह्या दोहोंच्या आधारावर. एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदारीण आहे, सवत नव्हे; पट्टा न बांधलेल्या माणसाला ती कित्येकदां वेळेवर भेटतच नाहीं.

तेव्हां गिऱ्हाइकानें पत्रा वाजवावयाचा नाहीं, तर कक्ष टिकतो कीं नाहीं तें विचारावयाचें. तें उघड्या डोळ्यांनीं दिसत नाहीं. गाडी आदळून पाहिल्याखेरीज कळत नाहीं. ही आदळण्याची परीक्षा भारतीय गाड्यांच्या वांट्याला मोठ्या गाजावाजानें आली ती २०१४ च्या जानेवारींत. ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें आल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० व पोलो ह्या पांच गाड्यांचे एअरबॅग नसलेले स्वस्त नमुने ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळवून पाहिले, आणि पांचहि गाड्यांना प्रौढांच्या रक्षणाबद्दल एकहि तारा दिला नाहीं. ही बातमी सर्वांनीं वाचली. तिच्या पोटांतली खरी शिकवण थोड्यांनीं वाचली. फिगो व पोलो ह्या दोघींचे कक्ष टिकले होते. उरलेल्या तिघींचे टिकले नव्हते. पोलोंत दोन एअरबॅगा घालून पुन्हां परीक्षा घेतली तेव्हां तिला चार तारे मिळाले. सांगाडा चांगला असेल तर उणीव भरून काढतां येते. सांगाडाच कच्चा असेल तर एअरबॅगांची संख्या वाढवून विशेष साधत नाहीं. जाहिरातींत "सहा एअरबॅगा" असें ठळक छापलेलें पाहून भुलणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

त्यानंतर परिस्थिति पुष्कळ पालटली. १ जुलै २०१९ पासून चालकापुढें एअरबॅग, पुढील आसनांच्या पट्ट्याची घंटा आणि अतिवेगाची सूचना ह्या गोष्टी कायद्यानें आवश्यक झाल्या. चाकें न अडकतां ब्रेक लागण्याची एबीएस ही योजनाहि त्याच सुमारास सर्व मोटारींना लागली. २०१८ च्या डिसेंबरांत टाटांच्या नेक्सॉनला पांच तारे मिळाले. भारतांत बनलेल्या गाडीला तो मान प्रथमच मिळाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची परीक्षा सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. म्हणून एखाद्या गाडीचें गुणपत्रक मिळत नसेल, तर तें कां नाहीं, असा प्रश्न विक्रेत्याला खुशाल विचारावा.

गुणपत्रक वाचतां मात्र आलें पाहिजे. भारत एनकॅपमध्यें प्रौढांसाठीं ३२ पैकीं आणि मुलांसाठीं ४९ पैकीं गुण असतात. पांच ताऱ्यांना अनुक्रमें निदान २७ व ४१ लागतात. कुटुंबवत्सल माणसानें दुसरा आंकडा आधीं वाचावा. वर सांगितलेल्या नेक्सॉनला २०१८ सालीं प्रौढांसाठीं पांच तारे होते, मुलांसाठीं तीनच. बातमी पांचांची झाली. दुसरें असें, कीं ताऱ्याला साल असतें. ग्लोबल एनकॅपनें २०२२ च्या जुलैपासून परीक्षा कडक केली. बाजूनें बसणारी धडक, गाडी घसरूं लागल्यास ती सांवरणारी ईएससी ही योजना, अशा गोष्टी तींत आल्या. त्यापूर्वीचे पांच तारे आणि नंतरचे पांच तारे हे एकाच टांकसाळींतले नाणें नव्हे. तिसरें, समोरची धडक स्थिर अडथळ्यावर दिलेली असते. तीवरून आपल्याच वजनाच्या गाडीशीं टक्कर झाली तर काय होईल तें कळतें. लहान गाडीचे पांच तारे ट्रकपुढें लहान गाडीचेच राहतात. आणि शेवटीं, ज्या नमुन्याची परीक्षा झाली तोच नमुना आपण विकत घेत आहों काय, हें पाहावें. नांव एक व आंतला ऐवज दुसरा, असें मोटारींच्या बाबतींत सर्रास घडतें. सनरूफसाठीं पन्नास हजार जास्त देणारा गृहस्थ ईएससीवांचूनचा नमुना घेतो तेव्हां विक्रेत्याला हंसूं येत नाहीं, एवढें त्याचें व्यवसायकौशल्य.

परंतु गाडी कितीहि उत्तम निवडली तरी तिच्यांत घर कसें बसणार, ह्या प्रश्नापाशीं सारा हिशोब येऊन थांबतो. मराठी घरांतील नेहमींचें चित्र असें: वडील गाडी चालवीत आहेत, शेजारीं आई, तिच्या मांडीवर दीड वर्षांचें मूल, मागें आजी, आजोबा, मधें मोठा मुलगा, उभा राहून पुढच्या दोन आसनांमधून डोकावणारा. आईचा हात मुलाभोंवतीं घट्ट आहे, म्हणून सर्वांना निर्धास्त वाटतें. मूल १० किलो वजनाचें धरावें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें गाडी आदळली आणि नाक चेपत चेपत साधारण ६० सेंटिमीटरांत थांबली, तर त्या क्षणांत मुलाला धरून ठेवण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें सोळापट जोर लागतो, म्हणजे १६० किलो. धान्याचीं तीन भरलेलीं पोतीं एकाएकीं हातांतून सुटूं पाहत आहेत अशी कल्पना करावी. कोणत्याहि मातेच्या बाहूंत तेवढें बळ नसतें, आणि ह्यांत मायेची परीक्षा नाहीं. हें निव्वळ गणित आहे. शिवाय पुढील आसनावर समोरून एअरबॅग येते ती डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत फुगते. तिच्या व आईच्या मधें मूल सांपडलें म्हणजे जी वस्तु मोठ्यांना वांचविते तीच त्याचा घात करते. एकच पट्टा आई व मूल दोघांभोंवतीं बांधणें हाहि उपाय नव्हे. मग आईच्या शरीराचा भार मुलावर येतो.

मुलाची जागा मागील आसनावर, त्याच्या वजनाच्या व उंचीच्या मानाच्या बालआसनांत. तान्ह्या मुलाचें आसन गाडीच्या मागच्या बाजूस तोंड करून असावें, कारण त्याचें डोकें शरीराच्या मानानें जड आणि मान कोंवळी असते. असें उलटें आसन चालू एअरबॅगेच्या समोर कधींहि ठेवूं नये. बालआसन अडकविण्यासाठीं मागील बैठकींत आयसोफिक्सच्या पोलादी कड्या आहेत कीं नाहींत, हें गाडी घेण्यापूर्वीं गादीच्या फटींत हात घालून पाहावें. मोठ्या मुलाला उंच करणारी बैठक तोंवर लागते, जोंवर पट्टा गळ्यावरून न जातां खांद्यावरून आणि पोटावरून न जातां कंबरेच्या हाडावरून जात नाहीं. चौदा वर्षांखालील मूल असें न बांधतां नेल्यास २०१९ च्या दुरुस्त कायद्यानें १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या धाकानें हें करावें लागणें ही शोभेची गोष्ट नव्हे.

मागें बसणाऱ्या मोठ्यांची गोष्टहि ह्याहून निराळी नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं अहमदाबादहून मुंबईकडे येतांना पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मोटार महागडी व सर्व साधनांनीं सज्ज होती. पुढील दोघे जबर जखमी होऊनहि वांचले. मागील दोघे दगावले. मागच्यांनीं पट्टे बांधलेले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. पट्टा न लावल्यामुळें २०२२ ह्या एका वर्षांत देशांत १६,७१५ माणसें मेलीं, असें केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. शिवाय मागचा मोकळा माणूस एकटा मरत नाहीं. तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. तेव्हां गाडींत माणसें किती मावतात तें मोजण्याऐवजीं तीन टोकांचे पट्टे किती आहेत तें मोजावें. मधल्या जागीं नुसता कंबरपट्टा असेल, तर ती पांच माणसांची गाडी चारांचीच समजावी. सात आसनांच्या गाडींत बाजूच्या कांचेवर उघडणारी पडद्याची एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोंचते काय, हेंहि विचारावें. त्या रांगेंत बहुधा घरांतील सर्वांत लहान मंडळी बसतात.

गाडी घरीं आली म्हणजे हौसेचे दिवस सुरू होतात, आणि निवडतांना जें कमावलें तें सजावटींत गमावलें जातें. समोर लोखंडी दांड्यांचें कवच बसविणें हा पुन्हां तोच पत्र्याचा मोह. त्यामुळें नाक हवें तसें चेपत नाहीं, एअरबॅग उघडविणाऱ्या संवेदकांचा अंदाज चुकतो आणि पादचाऱ्याचे पाय मोडतात. २०१७ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें त्यास मनाईहि केली. बाजूची एअरबॅग ज्या आसनांत शिवलेली असते त्यावर जाड खोळ चढविणें म्हणजे तिचें तोंड बांधणें. पट्ट्याची घंटा वाजूं नये म्हणून कडींत अडकविण्याची एक चीप बाजारांत मिळे. ती विक्रींतून काढून टाकण्याचा आदेश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ सालीं ऑनलाईन दुकानांस द्यावा लागला. असली वस्तु शोधून काढणारी बुद्धि पट्टा बांधण्यांत खर्च झाली असती तर दोन सेकंदांचें काम होतें!

जुनी गाडी घेणाऱ्यानें दोन गोष्टी जास्त पाहाव्या. एकदां उघडलेली एअरबॅग पुन्हां भरलेली आहे, कीं नुसतें झांकण चिकटविलें आहे, हें जाणत्या कारागिराकडून तपासावें. किल्ली फिरविल्यावर तिचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. दुसरें टायर. त्याच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. खांचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या कीं टायर कायद्यानेंहि बाद. पावसाळ्यांत घाट उतरणाऱ्यानें तितकी वाट पाहूं नये.

दुकानांत चाचणीसाठीं गाडी मिळते, तेव्हां बहुधा घरांतला एकटा कर्ता पुरुष जाऊन चौकाला वळसा घालून येतो. त्याऐवजीं सबंध घर जावें, आणि बालआसनहि बरोबर न्यावें. तें मागें नीट बसतें काय, त्याच्या शेजारीं आजीला आपल्या हातानें पट्ट्याची कडी सांपडते काय, लुगड्याच्या पदराआड ती अडकते काय, मोठ्या मुलाच्या गळ्याला पट्टा कांचतो काय, आणि सर्वजण बांधून बसल्यावर चालकाला मागची कांच स्वच्छ दिसते काय, हें तेथेंच पाहून घ्यावें. ह्या कामाला अर्धा तास लागतो. रंग ठरविण्यास आठ दिवस लागले होते.