आमचे लिहायचे डेस्क

शाळेतले बैठे डेस्क बघून आम्ही घरीच तसे केले. उंची झाली १२ इंच. पण धाकटीच्या ते काखेपर्यंत आले! खांदे वर करून लिहायची, हात दुखायचा.

म्हणून आधी माप घ्या. मांडी घालून ताठ बसा. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. डेस्क तेवढेच उंच हवे. तिचे माप ७ इंच भरले. बाबांनी बाजू तेवढ्या कापल्या.

लाकूड आंब्याच्या जुन्या पेटीचे. खिळे आधी उपटून घ्यावेत. दोन उभ्या बाजू, वर फळ्या. डुगडुगते? मागच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरपी पट्टी ठोका. चौकोन वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. शेवटी पॉलिश पेपरने घासा, कुसळ टोचत नाही.

पालकांनो, करवत तुम्ही धरा. माप मात्र मुलांचेच घ्या!