'अनटेनेबल' : न टिकणारी बाजू

इंग्रजी अग्रलेखांत व टीकालेखांत 'अनटेनेबल' हे विशेषण वारंवार भेटते. 'असमर्थनीय' हा भारदस्त प्रतिशब्द वहीत लिहून घेतला, तरी शब्द काही आपलासा होत नाही. त्याची किल्ली धातूत आहे. लॅटिन 'टेनेरे' म्हणजे धरणे. हा धातू फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. जे धरून ठेवता येते ते 'टेनेबल'. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत 'टेनेबल फॉर टू इयर्स' असे असते, ते हेच. दुसऱ्याची जमीन धरणारा 'टेनंट', म्हणजे आपल्याकडचे कूळ. १९४८ सालच्या मुंबई कुळकायद्याच्या इंग्रजी नावातही हा धातू आहे. (शेतकऱ्यांच्या मुलांना तो परका वाटू नये!)

'अनटेनेबल' हे विशेषण किल्ल्याला वा मोर्चाला लावतात. शिबंदी कितीही शूर असो, पाणी तुटले की ठाणे राखता येत नाही. वादविवादात मतालाही 'पोझिशन' म्हणतात, आणि तिलाही हे विशेषण लागते.

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की या शब्दात खोटेपणाचा आरोप नाही. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र नेहमी पृथ्वी व सूर्य यांच्या दरम्यान राहतो. म्हणून त्याचे जवळजवळ पूर्ण उजळलेले बिंब आपल्याला कधीच दिसायला नको. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या आणि त्यात तसे बिंबही दिसले. ती मांडणी 'अनटेनेबल' झाली. टॉलेमी मात्र लबाड ठरला नाही. शिवाय पृथ्वी स्थिर मानणारी टायको ब्राहेची मांडणी या पुराव्याने पडली नाही. एक ठाणे गेले, सारा मुलूख नव्हे.

वापरताना थोडे जपावे. उन्हाळा 'अनटेनेबल' नसतो, तो 'अनबेअरेबल' असतो. 'इनडिफेन्सिबल' जवळचा खरा, पण तो निंद्य कृत्यालाही लागतो. लहान मुलाला झोडपणे 'इनडिफेन्सिबल', 'अनटेनेबल' नव्हे. मंत्र्याची 'पोझिशन' अनटेनेबल झाली असे वृत्तपत्र लिहिते, तेव्हा पदावर राहणे अशक्य झाले एवढेच त्यात असते. गुन्हा शाबीत झाला, असा अर्थ आपण पदरचा घालतो.

मराठीत मला 'असमर्थनीय'पेक्षा साधे 'टिकत नाही' हेच बरे वाटते. 'हा मुद्दा टिकत नाही' असे वकील म्हणतात, चावडीवरची माणसेही म्हणतात. आमच्या वादसभेत मात्र अजून 'साफ खोटे!' हीच आरोळी उठते.