धूर गिळायचा नाही

वरंध, माझेरी, शिवथर या घाटाखालच्या गावांतल्या तंबाखूच्या सवयींची नोंद मी गेली काही वर्षे करत आहे. पुरुषांची विडी, बायकांची मशेरी आणि दोघांचीही तंबाखू-चुन्याची चिमूट यांत नवल काही नाही. नवल आहे ते चिरूटाचे. लष्करात किंवा मुंबईच्या गिरणीत उमेद घालवून गावी परतलेल्या काही जुन्या माणसांना चिरूट मनापासून आवडे. माझे आजोबा त्यांतले एक. ‘साहेबाचं बघून उचललेली ऐट,’ असे त्याचे सोपे उत्तर गावात अजूनही मिळते. मला ते पटत नाही. ऐट पहिल्या झुरक्यापुरती असते. दुसऱ्याला दुसरे कारण लागते.

मुळात हा शब्दही साहेबाचा नव्हे. तमिळ ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. तीच इंग्रजांच्या तोंडून फिरून आपल्याकडे ‘चिरूट’ म्हणून आली. त्रिचनापल्लीचा चिरूट विलायतेत इतका ओळखीचा होता की 1887 साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स खुन्याच्या चिरूटाची राख पाहून तो त्रिचनापल्लीचा असल्याचे सांगतो.

आजोबा ट्रक चालवायला सैन्यात गेले आणि 1945 च्या मे महिन्यात रंगून परत घेतल्यानंतर काही काळ तिथे होते. ब्रह्मदेशातला चिरूट वेगळा. जाड, फिकट, आत तंबाखूच्या पानाबरोबर देठ-काड्यांचा चुरा आणि ओठाकडच्या टोकाला मक्याच्या कणसाच्या सालींची गुंडाळी. बाजारात बसलेल्या बायका तो उघड ओढत. किपलिंगच्या ‘मँडले’ कवितेतल्या तरुणीच्या हातीही तोच आहे. घरोघरी मशेरी पाहिलेल्या माणसाला त्यात अचंबा वाटण्याचे कारण नव्हते. आजोबांना अचंबा वाटला तो वरच्या पानाचा. ते भोकराच्या जातीच्या झाडाचे पान. आपण ज्याच्या कच्च्या फळांचे लोणचे घालतो आणि पिकल्यावर ज्याच्या चिकाने कागद डकवतो, तेच भोकर. विडीला आपल्याकडे आपट्याचे पान वापरत, म्हणून रानातल्या पानात तंबाखू गुंडाळणे त्यांना परके नव्हते. ओळखीच्या झाडाने अनोळखी चिरूटाची भीड मोडली, असे मला त्यांच्या बोलण्यावरून वाटते.

तो सौम्य होता. खरी परीक्षा पुढे मुंबईत, दक्षिणेतल्या काळ्या चिरूटाशी झाली. विडी ओढणारा माणूस इथे हमखास फसतो. विडी सतत ओढली नाही तर विझते, म्हणून त्याला भराभर झुरके घ्यायची आणि धूर छातीत भरायची सवय असते. तसाच चिरूट ओढला की घाम फुटतो, डोके गरगरते, उलटी होते. बरोबरच्या पुष्कळांनी तो तिथेच टाकून दिला. आजोबा टिकले, कारण विडीपेक्षा त्यांचा जीव तंबाखू-चुन्यावर अधिक होता. माझ्या वडिलांना ते सांगत, ‘तंबाखूचं पाणी गिळतोस काय? मग धूर कशाला गिळायचा?’

या एका वाक्यात जे आहे ते मला नंतर रसायनाच्या पुस्तकांत सापडले. सिगारेटची तंबाखू बहुधा भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात. तिच्यात साखर राहते आणि धूर आम्लधर्मी होतो. अशा धुरातले निकोटिन तोंडात फारसे शोषले जात नाही, म्हणून तो छातीत न्यावा लागतो. सिगार-चिरूटाची काळी तंबाखू हवेवर वाळवून ढिगात मुरवतात. साखर सरते, धूर अल्कधर्मी होतो, आणि निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरते. तळहातावर तंबाखू मळताना आपण चुना लावतो तो नेमका याचसाठी. चुन्याने निकोटिन मोकळे होते. घाटाखालचा शेतकरी जे काम चुन्याकडून करून घेत होता, तेच काम चिरूटात मुरवणीने झालेले असते. तोंडात धरायचे, हळूहळू रस येऊ द्यायचा, गिळायचे नाही ही शिस्त आजोबांच्या गालाला लहानपणापासून होती. बाकी कातडी वास, राखेची लांबी, जेवणानंतरची निवांत अर्धी घटका, या गोष्टींची गोडी मागाहून लागली. तलफ निकोटिनची; गोडी मात्र शिकावी लागते.

चिरूटवाले एक समाधान बाळगून असत: धूर छातीत जात नाही, मग धोका कसला? आजोबाही तेच म्हणत. पण निकोटिन ज्या वाटेने शिरते त्याच वाटेवर धुरातले बाकीचे विषही साचते. धूर न गिळणाऱ्यांनाही तोंडाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर, श्रीकाकुलमकडे, बायका ‘चुट्टा’ पेटते टोक तोंडात धरून ओढतात, आणि त्यांचा आजार टाळूला होतो. जिथे धूर आणि आच टेकते, तिथे.

आजोबांच्या डाव्या गालात आधी पांढरा चट्टा आला. तंबाखूची चिमूट ते तिथेच धरत. 1984 साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा तुकडा काढला. चिमूट त्याआधीच सुटली होती. चिरूट त्यांनी त्यानंतरही दोनदा पेटवून पाहिला, पण ओठ नीट मिटत नव्हते. धूर तोंडात ठरेना.