वाळीत टाकण्याचा हक्क

परधर्मीयांशी आपण बरे वागतो, हे सांगायला प्रत्येक समाजाला आवडते. पंचाईत होते ती आपल्यातलाच कुणी ‘मला हे पटत नाही’ म्हणाला की. समाजसुधारक आगरकर काही परधर्मात गेले नव्हते. तरी पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा निघाली.

राज्याने पंथांच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, याला आपण सहिष्णुता म्हणतो. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मात्र एकेकट्या माणसाचे असते. ही दोन्ही एकमेकांच्या आड कशी येतात, हे दाखवणारा खटला जुन्या मुंबई राज्यातलाच आहे. १९४९ साली इथे बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला. जातीने किंवा पंथाने आपल्या माणसाला समाजाबाहेर काढणे त्याने बेकायदा ठरले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द झाला. धार्मिक बाबींत आपला कारभार आपणच पाहण्याचा अधिकार राज्यघटनेचा अनुच्छेद २६ संप्रदायाला देतो. श्रद्धेची शिस्त राखण्यासाठी केलेला बहिष्कारही त्यातच मोडतो, असे बहुमत पडले.

वेगळे मत एकट्या सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हांचे. मशीद बंद, दफनभूमी बंद, मग बहिष्कृताची गत अस्पृश्यापेक्षा वेगळी कशी, हा त्यांचा रोख होता. मला तेच मत पटते. अर्थात पंथाचीही बाजू आहे. मूळ श्रद्धाच नाकारणाऱ्याला धर्मकार्यात सामावून घ्यायची सक्ती केली, तर उरलेल्यांच्या विवेकाचे काय? पण धर्मकार्यातून वगळणे वेगळे, आणि माणसाची सोयरीक, शेजार, मूठमातीची जागा हिरावून घेणे वेगळे. एवढी किंमत मोजावी लागणार असेल, तर मनातली शंका कोण उघड बोलून दाखवील?

हे एका पंथापुरते नाही. कोकणातली गावकी काय किंवा ठिकठिकाणच्या जातपंचायती काय, वाळीत टाकण्याचे हत्यार सगळ्यांनीच वापरले. आंतरजातीय लग्न केले, पंचांविरुद्ध पोलिसांत गेला, एवढे कारणही पुरायचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. विवेकाला अनुसरून वागणाऱ्याला त्यात निदान दाद मागायला जागा मिळाली.

जुना वाद मात्र मिटला नाही. नवा कायदा आल्यावर आता त्या प्रश्नात उरलेच काय, असा युक्तिवाद न्यायालयात झाला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो मानला नाही आणि २०२३ मध्ये १९६२च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.