छोटा हत्ती की पिकअप? आधी क्रेट मोजा



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत दोन तट पडले. टोमॅटो बाजारात न्यायला गटानं कर्ज काढून जुनी गाडी घ्यायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढं अर्ध्या जणी म्हणाल्या, दोन सिलिंडरचा छोटा हत्ती घेऊ, डिझेल कमी खातो. बाकीच्या म्हणाल्या, चार सिलिंडरची पिकअप घेऊ, चढाला रडत नाही. "ताई, तुम्हीच सांगा," म्हणून सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मी लगेच उत्तर दिलं नाही. मागं एकदा असंच झटकन सांगून मी एका गटाला अडचणीत टाकलं होतं. ते पुढं सांगतेच.

आधी सिलिंडर म्हणजे काय ते बघू. हा स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर नव्हे. इंजिनात लोखंडी नळकांडं असतं, त्यात दट्ट्या म्हणजे पिस्टन वरखाली होतो. डिझेल पेटलं की पिस्टन खाली ढकलला जातो आणि त्या जोरावर चाक फिरतं. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला असं एकच नळकांडं असायचं, म्हणून ते टक-टक-टक करत हादरायचं. उखळात एकटी बाई कांडते तेव्हा घाव थांबून थांबून पडतो. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या की घाव लागोपाठ पडतात, कामही सरतं. सिलिंडरचं तसंच आहे. दोनापेक्षा चार सिलिंडरचं इंजिन कमी हादरतं आणि सलग ओढतं. सहा सिलिंडर मोठ्या ट्रकला असतात, आपल्याला त्यांची गरज नाही.

पण नुसते सिलिंडर मोजून भागत नाही. ते केवढे आहेत, हेही बघायचं. २००५ साली आलेल्या टाटा एसचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं होतं. माल साधारण ७५० किलो. जुन्या बोलेरो पिकअपचं इंजिन चार सिलिंडरचं, २५२३ सीसीचं. माल सव्वा टनाच्या पुढं. आता मारुतीची सुपर कॅरी बघा. पेट्रोलवरच्या गाडीला सिलिंडर चार, पण इंजिन १२०० सीसीच्या आतलं आणि माल ७४० किलोच. म्हणून आरसी बुक मागून घ्या. त्यात सिलिंडर, सीसी, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की गाडीवर किती भार चालतो ते कळतं. त्यात बसणाऱ्या माणसांचंही वजन धरायचं.

आता हिशेब करू. नारायणगावचा बाजार येऊन-जाऊन ६० किलोमीटर धरा. भरलेलं क्रेट २२ किलोचं, डिझेल ९० रुपये लिटर. छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते, मोठी १२, असं समजू.

रोज ३० क्रेट असतील तर वजन ६६० किलो. छोट्या गाडीची एक खेप, ३०० रुपयांचं डिझेल. मोठीला त्याच कामाला ४५० रुपये लागतात. रोजचे दीडशे जास्त. महिन्यात २५ खेपा केल्या तर ३,७५० रुपये वाया.

रोज ६० क्रेट असतील तर वजन १,३२० किलो. छोटीला दोन खेपा, ६०० रुपये, शिवाय दुसरी खेप पोचेपर्यंत लिलाव पुढं गेलेला. मोठीचं काम एका खेपेत, ४५० रुपयांत. म्हणजे माल कमी तर छोटी परवडते, माल जास्त तर मोठी.

आता माझी चूक. त्या गटाला मी म्हणाले होते, "छोटीच घ्या, स्वस्त पडते." ठरावावर माझीही सही होती. ऐन हंगामात माल वाढला. दोन खेपांचा कंटाळा म्हणून बायकांनी ४५ क्रेट एकदम भरायला सुरुवात केली, म्हणजे जवळजवळ एक टन. वाटेत चढ होता. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रोज कण्हत वर जायची. एक दिवस इंजिन तापलं, हेड गॅस्केट गेलं. दुरुस्तीचा खर्च झाला, आणि गाडी बंद असताना कर्जाचे तीन हप्ते बचतीतून भरावे लागले. गाडीचा दोष नव्हता, आम्ही माल मोजला नव्हता. शिवाय जादा माल भरला तर २०१९ च्या सुधारित कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर जादा टनामागं २,००० रुपये.

सिलिंडर ठरले तरी जुन्या गाडीचं इंजिन तपासायचंच. सकाळी न सांगता जा आणि बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे. थंड झाल्यावरच सुरू करायला सांगा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडायला लावा. भकाभका धूर आला तर पिस्टन-रिंगा झिजल्यात. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. मग माल भरून चढावर चालवून बघा. चार सिलिंडरचं इंजिन उघडलं तर पिस्टन, रिंगा, नोझल सगळं चार-चार लागतं, हेही लक्षात ठेवा. आपला मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, फिटनेस आणि विमा चालू आहे का, हे बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

त्या गटाला मी एवढंच म्हणाले, "महिनाभर रोजचे क्रेट वहीत लिहा. हंगामाचे वेगळे, एरवीचे वेगळे." आता वही भरत आली आहे. एरवी त्यांचे २५ ते ३० क्रेट निघतात. म्हणून त्यांचं ठरतंय की छोटी गाडी घ्यायची, आणि हंगामातल्या जादा मालाला भाड्याची पिकअप लावायची. चाळीसचा आकडा रोज ओलांडला असता तर मीच त्यांना चार सिलिंडरची घ्या म्हणाले असते.

तुमच्या गटातही गाडीचा विषय निघाला असेल, तर पुढच्या बैठकीला वही घेऊन बसा.