लुळा पाय, ताठर पाय : नगर जिल्ह्यातील बालपुनर्वसनाचा मागोवा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात मुलांच्या पायांवरील उपचारांची घडी बसली ती पोलिओच्या काळात, आणि तिचे बळ व तिची उणीव दोन्ही त्याच काळाने दिलेली आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने कृत्रिम पाय व कॅलिपर बनविणारी कार्यशाळा चालविली, तर १९८४ मध्ये लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर उत्तरेकडील तालुक्यांना अस्थिशल्यचिकित्सा जवळ आली. पोलिओत मज्जारज्जूतील चालक पेशी मरून स्नायू लुळा पडतो, म्हणून कॅलिपरने त्याला बाहेरून आधार द्यायचा, ही रीत सर्वत्र रुळली. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही. त्यानंतर उरला तो ताठर पाय, ज्याला हाच कॅलिपर पुरत नाही.

अशा ताठरपणाचे एक कारण असलेल्या आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया या विकारात मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे लांब चेतातंतू टोकाकडून झिजत जातात. पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब असल्याने पाय आधी आखडतात, टाच टेकत नाही, मूल चवड्यांवर चालते आणि त्याच्या चपलेचा पुढचा भाग आधी झिजतो. जर्मन वैद्य श्ट्र्युम्पेल यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले, मात्र त्यामागील स्पास्टिन जनुक १९९९ मध्ये व अ‍ॅटलास्टिन २००१ मध्ये सापडले. अ‍ॅटलास्टिनचा प्रकार बालपणीच सुरू होऊन पुढे फार मंद सरकतो, त्यामुळे त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा, समजले जाते आणि दोष विनाकारण बाळंतपणावर जातो. काही प्रकारांत आई व वडील दोघांकडून सदोष जनुक यावे लागते. आते-मामे भावंडांत विवाह होणाऱ्या समाजांत ती शक्यता वाढते.

शस्त्रक्रिया या झिजेला हात लावत नाही. टाचेची आखडलेली शीर लांबविली की पाऊल सपाट टेकते, पण हाडे वाढत राहतात, ताठर स्नायू मागे पडतो आणि शीर पुन्हा आखडू शकते. १९८० च्या दशकात वॉरविक पीकॉक यांनी केप टाउनमध्ये रुजविलेली, मणक्यातील निवडक संवेदी मुळे कापण्याची पद्धत सेरेब्रल पाल्सीत उपयोगी ठरली, कारण तेथील इजा पुढे सरकत नाही. आनुवंशिक विकारात मात्र ताठरपणा गेल्यावर खालची अशक्तता उघडी पडण्याचा धोका असल्याने ती जपूनच वापरावी लागते.

म्हणून खरा भार पुनर्वसनावर येतो : शस्त्रक्रियेनंतरचे प्लास्टर निघाल्यावर रात्रीचे स्प्लिंट, रोजचा ताण देण्याचा व्यायाम, आणि पाय वाढला की नवे माप. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडून गळीत हंगाम संपेपर्यंत फडावर राहतात, आणि नेमक्या याच महिन्यांत हा क्रम तुटतो. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत मुले तपासतात, परंतु फडावरच्या कोपीतले मूल त्या हजेरीपटात सहसा नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दीर्घकालीन चेताविकारांनाही दिव्यांगत्वात स्थान दिले. स्प्लिंटचे माप मात्र आजही पुनर्वसन केंद्रात जाऊनच द्यावे लागते.